बाबा, सिनेमा आणि राहिलेली सुरुवात

...आणि वर लोक मलाच विचारतात, "नेव्यो, इतके सिनेमे बघितलेस, मग एकाचीही सुरुवात कशी आठवत नाही?" कशी आठवणार? तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात जेवढे सिनेमे आहेत ते सगळे मधूनच सुरू होतात. लोकांच्या सिनेमात आधी माणूस भेटतो, मग त्याचा खून होतो. माझ्या सिनेमात आधी खून, मग अंत्ययात्रा, मग शेवट, मग दिवे लागतात, भोपळ्याच्या बिया विकणारा चक्कर मारून जातो, पुन्हा अंधार होतो, आणि तो मेलेला माणूस शीळ घालत जिना उतरून येतो. लहानपणी मला वाटायचं, मेल्यावर सगळ्यांचंच असं होत असेल. धर्माच्या तासाला मी तसं सांगितलंसुद्धा, आणि आमचे पाद्री बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

हे सगळं बाबांमुळे. बाबा म्हणजे ओलिंदो, बेकरीवाले. पो नदीकाठच्या आमच्या गावात सगळी कामं घड्याळावर चालायची, फक्त बाबांची झोप नाही. रात्रभर पाव भाजायचे, सकाळी विकायचे, दुपारी आडवं व्हायचं, आणि झोप पुरी झाली की टोपी घालून एदेन थिएटरकडे निघायचं. झोप कधी पुरी होणार ते एदेनवाल्यांना काय माहीत? पण त्या काळी त्याची गरजच नव्हती. एकदा तिकीट काढून आत शिरलं की एकामागून एक खेळ बघत बसा, कोणी उठवत नसे. आई आर्जिया बिचारी रस्ताभर म्हणत यायची, "ओलिंदो, अर्धा संपला असेल रे आता."

"मग अर्धा राहिला असेल ना?"

"पण सुरुवात?"

"अगं, सिनेमा म्हणजे काय आगगाडी आहे, गेली म्हणजे गेली? सुरुवात परत येते."

आणि यायची. बाबांचं खोटं कुठे होतं? आम्ही लोकांच्या गुडघ्यांना धडकत अंधारात जागा शोधायचो, शेवट बघायचो, मग सुरुवात बघायचो, आणि आम्ही आत शिरलो तेव्हाचा प्रसंग पडद्यावर आला की बाबा टोपी घालायचे. मग नायिका कड्याला लोंबकळत असो, नाहीतर न्यायाधीश निकाल वाचत असो, ते उभे राहून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणायचे, "इथून आलो होतो आपण. उठा." बघितलेलं पुन्हा बघणं म्हणजे त्यांना कालचा पाव ताजा म्हणून विकण्यासारखं वाटायचं.

एदेनचं छप्पर सरकायचं, ते तुम्हाला सांगितलं का? मध्यंतरात सिगारेटचा धूर जावा म्हणून वरचं छप्पर गडगडत उघडायचे. उन्हाळ्यात बरं वाटायचं, चिमण्या-बिमण्या दिसायच्या. पण आमच्याकडे नोव्हेंबरात धुकं असं असतं की स्वतःचे बूट दिसत नाहीत. धूर बाहेर जायचा आणि धुकं आत यायचं, छप्पर बंद करायचे ते धुक्यासकट, आणि पुढचा सगळा भाग लोक डोळे बारीक करून बघायचे. एकदा एका खुनाच्या सिनेमात खुनी धुक्यात पळाला, तर ते धुकं त्याचं की आमचं यावर बाबांची आणि न्हाव्याची आठवडाभर जुंपली होती... असो. मूळ तक्रार राहूनच जाईल.

तर मूळ तक्रार अशी, की मला फिओरेंझाशी लग्न करायचं होतं, आणि फिओरेंझा होती स्टेशनमास्तरांची मुलगी.

आता बघा कसं आहे ते. एका बाजूला माझे बाबा, आणि दुसऱ्या बाजूला अत्तिल्यो ब्रेसान, ज्यांच्या शिट्टीवर गावातल्या बायका भात शिजत टाकायच्या. ब्रेसान मास्तर सिनेमाला जायचे ते दारं उघडण्याआधी. दारं उघडली की रिकाम्या पडद्यासमोर, मांडीवर हॅट ठेवून, ताठ बसून राहायचे. मुलीला त्यांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "पोरगा कोणाचाही असो, गरीब असो. पण वेळ न पाळणाऱ्या घरात मी मुलगी देणार नाही." फिओरेंझा मला म्हणाली, "एकदाच, नेव्यो. एका दिवसापुरतं तुझ्या बाबांना वेळेवर उठव. बाकी मी बघते."

दोन्ही घरांनी कुठे भेटायचं? आईनं डोकं लढवलं. रविवारी दुपारी सगळे मिळून एदेनमध्ये, नंतर आमच्याकडे जेवण, बदक बेकरीच्याच भट्टीत ठेवलेलं. मी म्हटलं, "आई, सिनेमाच का? दुसरं काही नाही सुचलं?" तर म्हणाली, "अरे, अंधारात तुझे बाबा गप्प बसतात." तिला बिचारीला आशा होती.

वेळेवर उठवायचं म्हणजे काय, मी बाबांना हलवलं, आईनं हलवलं, ते "हो हो, उठलोच" म्हणून कूस बदलायचे. शेवटी आम्ही पोचलो तेव्हा मध्यंतर होऊन गेलं होतं. ब्रेसान कुटुंब एका रांगेत ताठ बसलेलं, शेजारी आमच्या जागा रिकाम्या. मास्तरांनी आमच्याकडे बघितलं नाही, खिशातलं घड्याळ काढून त्याच्याकडे बघितलं. बाबा त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "नमस्कार मास्तर. काही महत्त्वाचं चुकलं का?"

"अर्धा सिनेमा," मास्तर म्हणाले.

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले आणि बसले, नेमके कडेच्या खुर्चीवर, म्हणजे बाहेर पडायचा रस्ता त्यांच्या गुडघ्यांवरून.

सिनेमा होता एका श्रीमंत विधवेचा आणि तिच्या गोड बोलणाऱ्या डॉक्टरचा. शेवटी कळतं की बाईला विष डॉक्टरनंच दिलं, त्याला धरून नेतात, संपलं. दिवे लागले. ब्रेसान कुटुंब उठलं, कोट घातले. बाबा बसलेले. मी म्हटलं, "बाबा, जेवायला जायचंय." तर म्हणतात, "जाऊ की. सुरुवात राहिलीय ना अजून." आता यजमानच बसून राहिल्यावर पाहुणे जाणार कुठे? बदक आमचं, भट्टी आमची, किल्ली बाबांच्या खिशात. कोट घातलेले ब्रेसान पुन्हा खाली बसले. फिओरेंझा माझ्या कानाशी म्हणाली, "हे उठणार कधी?"

"आत आलो होतो तो प्रसंग आला की."

"म्हणजे मध्यंतरानंतर?"

मी मान डोलावली.

दुसरा खेळ सुरू झाला. पडद्यावर नावं येताक्षणी ब्रेसान मास्तर उभे राहिले, हॅट डोक्यावर ठेवली, आणि थंडपणे म्हणाले, "आम्ही इथून आलो होतो. उठा." बाबांच्याच शस्त्रानं बाबांना. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले, आणि पहिल्यांदाच कोणी आपलं तत्त्व मानणारं भेटलं अशा चेहऱ्यानं म्हणाले, "मास्तर, बोललात ते शंभर टक्के खरं. पण त्या डॉक्टरनं विष कुठून आणलं तेवढं बघू दे." मागून कोणीतरी ओरडलं, "ए हॅट, खाली बस." स्टेशनमास्तरांना गावात असं कोणी कधी बोललं नव्हतं. ते बसले, पण असे बसले, की मी मनातल्या मनात फिओरेंझाचा निरोप घेऊन टाकला.

पडद्यावर डॉक्टर आला, पांढरा कोट, बाईच्या हाताचं चुंबन घेतलं. सगळं थिएटर खूश. आणि बाबा मोठ्यानं, "हाच तो. बाई, त्याच्या हातचं काही पिऊ नका."

गॅलरीतून आवाज आला, "ओलिंदो, तू गप्प बस, नाहीतर उद्यापासून पाव शेजारच्या गावातून आणीन."

"आण. तिकडच्या पावाला चव असते का?"

मी डोळे मिटून घेतले. आणि मग ती विधवा माहेरी जायला निघते तो प्रसंग आला. फलाट, वाफ, रुमाल हलवणं. शेजारून ब्रेसान मास्तरांचा आवाज आला, अगदी बारीक, स्वतःशीच बोलल्यासारखा. "गाडी हलली. बघा. फलाटावरच्या मास्तरानं तबकडी वर केलीच नाही, आणि गाडी हलली."

"अत्तिल्यो," ब्रेसानबाई म्हणाल्या, "सिनेमा आहे तो. पहिल्या खेळालाही तू हेच म्हणालास."

पण बाबा वळले. "तबकडी कोणती, मास्तर?"

"हिरवी. ती वर केल्याशिवाय गाडी हलत नाही. हलायलाच नको."

"आणि हलली तर?"

"हलली तर समोरून मालगाडी येईल, आणि ती बाई विषानं मरायच्या आधीच मरेल."

बाबा हसले. असे हसले की खुर्च्यांची सगळी रांग हलली. मग मागे वळून त्यांनी अख्ख्या थिएटरला समजावलं, की मंडळी, डॉक्टरच्या नादी लागू नका, खरा धोका मालगाडीचा आहे. लोक हसायला लागले. आणि ब्रेसान मास्तर, ज्यांचं आगगाड्यांबद्दलचं बोलणं त्यांच्या घरात इतक्या वर्षांत कोणी पुरं ऐकलं नव्हतं, ते बाबांच्या कानाला लागले. रूळ कसे बदलतात, धुक्यात गाडी कशी घ्यायची, सगळं. बाबा मध्येमध्ये "अरे बापरे" म्हणत होते. मध्यंतर झालं, छप्पर उघडलं, धुकं आत आलं, त्या धुक्यात दोघांच्या फक्त हॅट आणि टोपी दिसत होत्या.

मग आमचा प्रसंग आला. बाबांनी टोपी सारखी केली. "इथून आलो होतो आपण. उठा."

आणि ब्रेसान मास्तर म्हणाले, "बसा हो ओलिंदो. ती गाडी पुन्हा सुटेल ना?"

आईनं बाबांच्या खिशातून किल्ली काढून घेतली आणि दोन्ही आया बदक वाचवायला गेल्या. आम्ही चौघं बसलो. तिसऱ्या खेळाला गाडी पुन्हा तबकडीशिवाय सुटली, दोघांनी मिळून "गेली, गेली" केलं, आणि मास्तर डोळे पुसत बाबांना म्हणाले, "माझी काही हरकत नाही."

"कशाला?" बाबांनी विचारलं.

फिओरेंझानं माझा हात दाबला तो इतक्या जोरात, की अंगठी घालायची पाळी आली तेव्हाही मला त्याच बोटाची काळजी होती.

लग्न चर्चमध्ये होतं, आणि त्या दिवशी चर्चमध्ये आमच्या पाठोपाठ दुसरं एक लग्न होतं. बाबा आले, पण भट्टीतून पाव काढून आले, म्हणजे आमची वचनं देऊन झाली होती. मागच्या बाकावर बसून त्यांनी अंगठ्या बघितल्या, आशीर्वाद बघितला. आम्ही बाहेर आलो, लोकांनी अंगावर तांदूळ टाकले, फोटोवाल्यानं सगळ्यांना पायऱ्यांवर उभं केलं, आणि बाबा नाहीत. मी आत गेलो. बाबा त्याच बाकावर. कोणा परक्या माणसाची मुलगी बापाचा हात धरून आत येत होती. मी म्हटलं, "बाबा, चला." म्हणाले, "शू. सुरुवात." अंगठ्यांपर्यंत बसले, मग टोपी हातात घेऊन बाहेर आले. फोटोत ते नाहीत. त्या दुसऱ्या लोकांच्या फोटोत आहेत म्हणे, मागे, डोळे पुसताना.

पुढे सगळ्या गावाला सांगायचे, लग्न उत्तम झालं, फक्त नवरी सुरुवातीला बुटकी आणि सोनेरी केसांची होती, नंतर उंच आणि काळ्या केसांची झाली. एकदा जेवताना फिओरेंझानं त्यांना विचारलंच, "तुम्हाला ते खटकलं नाही का?"

त्यांनी पावाचा तुकडा तोडला, रश्श्यात बुडवला. "खटकलं ना. पण शेवट मी आधीच बघितला होता पोरी, तो बरा होता. म्हणून काही बोललो नाही."