चौपन्न आकड्यांचं मौन

हसा, हसा! तुमचं काय जातंय हसायला... तीन रात्री डोळ्याला डोळा नाही लागलेला माझ्या, आणि कारण ऐकाल तर तुम्हीच म्हणाल, हिला कामधंदा नाही का? घरात कुणी आजारी नाही, छत गळत नाही, नवरा बरा वागतोय. मग झोप कशानं उडाली? तर शाळेच्या प्रार्थनेनं! तीही मला नव्हतीच म्हणायची. बिटकीला म्हणायची होती. बिटकी म्हणजे आमची लेक, पाचवीत आहे, यंदाच मोठ्या शाळेत गेली. आणि शाळा कुठली? तर जिथे मी आठवीपर्यंत शिकले ना, तीच. एकोणीस वर्षांनी नवऱ्याची बदली होऊन होऊन कुठे व्हावी, तर माझ्याच शाळेच्या मागच्या गल्लीत! आता याला नशीब म्हणायचं की काय म्हणायचं...

तर झालं काय, बिटकी एके दिवशी नाचत घरी आली. दप्तर सोफ्यावर, बूट दारात, एक मोजा कुठे गेला तो अजून सापडलेला नाही. "आई, आई, शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून मोठा कार्यक्रम आहे, आणि मी प्रार्थना सांगणार! स्टेजवर! एकटी!" माझ्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. एकटी? स्टेजवर? त्याच स्टेजवर? वर तिनं दप्तरातून एक गुळगुळीत पुस्तिका काढली, 'आपली शाळा : इतिहास आणि परंपरा', आणि पान सात उघडून माझ्या नाकासमोर धरलं. "वाच!"

वाचलं. आणि तुम्हाला सांगते, खाली बसले. लिहिलं होतं, 'दुसऱ्या कडव्यानंतर सर्व विद्यार्थी मान खाली घालून चौपन्न आकडे मनात मोजेपर्यंत मौन पाळतात. आत्मचिंतनाची ही प्रथा शाळेच्या संस्थापकांनी सुरू केली. शाळा स्थापन झाली तेव्हा त्यांचे वय चौपन्न होते.'

संस्थापकांनी! अहो, कसले संस्थापक? ते मौन माझं आहे!

म्हणजे कसं, सांगते. मी आठवीत. प्रार्थना सांगायची पाळी माझी. पहिलं कडवं झक्क झालं, दुसरं झालं, आणि तिसरं... तिसरं नाहीच! म्हणजे डोक्यात जागा आहे, पण सामान नाही. समोर सहाशे पोरं, बाजूला सगळे शिक्षक, आणि मी तोंड उघडं ठेवून उभी. घाम तरी किती यावा माणसाला? वेणीच्या टोकावरून टपटपत होता. मोठे सर, म्हणजे तेव्हाचे मुख्याध्यापक, प्रार्थनेत नेहमी डोळे मिटून उभे असायचे. आम्हाला वाटायचं ध्यान लावतात. त्यांनी डोळे उघडले, बघतात तर सगळी शाळा गप्प! त्यांना वाटलं, कुणीतरी गेलं आणि आपल्याला कळवायचं राहिलं. घातली त्यांनी मान खाली. त्यांची बघून शिक्षकांनी घातली. शिक्षकांची बघून सहाशे पोरांनी घातली. आणि मी आपली वर उभी, धरणी दुभंगेल तर बरं म्हणत. शेवटी घंटा वाजली, मी दचकले, आणि दचकून जे तोंडातून निघालं ते थेट चौथं कडवं! तिसरं गेलं ते गेलंच.

घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. त्याच आठवड्यात बाबांची बदली झाली, मी म्हटलं सुटले! गाव सुटलं, शाळा सुटली, आता हे कुणाला कधी कळणार नाही. आणि एकोणीस वर्षांनी बघते तर काय, छापून आलंय! पान सात! परंपरा आहे म्हणे!

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? मग सांगून टाकायचं लेकीला, हसायचं, विषय संपला. हो, पण तिथेच तर घोळ आहे ना! कारण मी या पोरीला काय सांगत आलेय जन्मल्यापासून? डबा विसरली, "अशी कशी विसरतेस गं? मी तुझ्याएवढी असताना एक वस्तू विसरले नाही कधी!" पाढा अडला, "आमचं सगळं तोंडपाठ असायचं!" आता कुठल्या तोंडानं सांगू? आणि नाही सांगितलं, आणि तीही तिथेच अडकली तर? आडात माझंच पाणी आहे हो... मग काय तीही एकोणीस वर्षं उशीत तोंड खुपसून बसणार? बरं, पोरगी आता नखं खायला लागली होती. मला म्हणते, "आई, सगळे म्हणतात मौनानंतर पुढचं आठवत नाही. मला नाही ना तसं होणार?" मी म्हटलं, "छे, छे! तसं कुणाला होतं?" आणि जीभ चावली.

नवऱ्याला रात्री हलवून उठवलं. तो म्हणतो, "अगं, उलट भारी आहे की! एवढ्या जुन्या शाळेत तुझी परंपरा आहे!" आणि कूस बदलून घोरायला लागला. परंपरा आहे म्हणे!

दुसऱ्या दिवशी तिला सोडायला गेले तर फाटकात घंटामामा. अहो, जे घंटा द्यायचे ते! निवृत्त झालेत कधीच, पण सकाळी येऊन फाटकाशी बसतात, नव्या शिपायाची घंटा कशी चुकते ते बघायला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं. "तू ती अडकलेली ना गं?"

काय सांगू! म्हटलं, "मामा, हळू!" ते म्हणाले, "कुणाला सांगायला जातोय मी? मीच तर मोजत होतो. म्हटलं पोर पन्नासपर्यंत बोलेल. नाही बोललीस. चौपन्नला मला दया आली, दिला टोल." बघा! चौपन्न! संस्थापकांचं वय म्हणे!

"पण मामा, मग ती प्रथा कशी झाली?"

"कशी म्हणजे? दुसऱ्या दिवशी पाळी होती त्या पहिल्या नंबरवाल्या पोराची. तो सरांना विचारतो, सर, कालचं मौन आजही पाळायचं का? आता सर काय म्हणणार, की बाबा रे, मलाच कळलं नाही काल काय झालं? सर म्हणाले, अर्थात! मग तो मला येऊन विचारतो, मामा, किती वेळ होतं? मी म्हटलं, चौपन्न, आणि मग थेट चौथं कडवं. झालं."

"आणि हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"विचारलं कुणी? इतिहास लिहिणारी समिती आली होती माझ्याकडे. मला विचारलं, खुर्च्या कुठल्या खोलीत आहेत."

म्हणजे बघा, पंचाहत्तर वर्षांचा इतिहास जाणणारा एकच माणूस, आणि त्याला खुर्च्या विचारल्या! मला तर आता प्रत्येकच गोष्टीची शंका यायला लागली. ते जिना डाव्या बाजूनंच चढतात ना, 'शिस्तीचे प्रतीक' म्हणून, पान नऊ... अहो, उजव्या कठड्याला आमच्या वेळी ओला रंग होता! तो वाळून एकोणीस वर्षं झाली, पोरं अजून डावीकडून चढतायत.

मग म्हटलं मोठ्या बाईंना सांगावं. मोठ्या बाई म्हणजे आताच्या मुख्याध्यापिका. गेले त्यांच्या खोलीत. म्हटलं, "बाई, त्या मौनाबद्दल जरा..." त्यांनी डोळेच मिटले. "काय सुंदर आहे ना? अहो, दुसऱ्या शाळांतले लोक बघायला येतात. दोन शाळांनी सुरूही केलं." दोन शाळांनी! म्हणजे माझं विसरणं आता गावभर पसरलंय! म्हटलं, "पण बाई, पूर्वी चार कडवी होती ना? मधलं एक..." तर हसल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाही हो, तीनच. मध्ये मौन. परंपरा आहे ती." मी "बरं" म्हटलं आणि बाहेर आले. डाव्या बाजूनं जिना उतरले.

आणि मुख्य म्हणजे, सांगून तरी काय करणार होते? तिसरं कडवं कुठलं, म्हणाल्या असत्या, तर? मला अजूनही आठवत नव्हतं!

शेवटी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, बिटकीची वेणी घालता घालता, तिचं तोंड पलीकडे आहे तेवढ्यात, मी सांगून टाकलं. सगळं. कडवं, घाम, मान, घंटा, उशी. मी आपली वेणी घट्ट करतेय, सैल करतेय...

"तू विसरलीस?"

"हो."

"तू?"

"हो गं बाई, मी."

"चौपन्न आकडे? नक्की?"

"मामांनी मोजलेत."

"आणि कुणी ओरडलं नाही?"

"नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या."

"हं," म्हणाली. एवढंच! हं! शाळेपर्यंत एक शब्द नाही. एरवी वाटेत हिचं तोंड बंद करायला मला गोळी द्यावी लागते! मी म्हटलं, गेलं. मोडला पोरीचा धीर. मीच मोडला. चांगली पाठ झालेली प्रार्थना, आणि मी ऐन सकाळी तिच्या डोक्यात भूत घालून बसले!

सभागृह खच्चून भरलेलं. सगळे उभे. बिटकी स्टेजवर, एवढीशी, माइक तिच्या कपाळाशी. पहिलं कडवं... खणखणीत! दुसरं... खणखणीत! मग मौन. सहाशे माना खाली. मी मोजायला लागले. पन्नास... बावन्न... चौपन्न. आता बोल. बोल गं बाळा...

नाही बोलली.

साठ. सत्तर. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत पुटपुटल्या, "किती मनापासून करते हो मुलगी!" मनापासून कसलं, अडकलीय ती! पंचाहत्तरला प्रमुख पाहुण्यांनी या गुडघ्यावरचा भार त्या गुडघ्यावर घेतला. ऐंशीला मोठ्या बाईंनी एक डोळा उघडला आणि मिटला. दारात उभ्या घंटामामांकडे बघितलं, म्हटलं मामा, द्या टोल! पण घंटा आता नव्या शिपायाकडे, आणि तो मान खाली घालून उभा! परंपरा आहे ना! नव्वद... एक्याण्णव... आणि ब्याण्णवला, तुम्हाला खोटं वाटेल, माझ्या तोंडून, आपोआप, केवढ्यातरी मोठ्यानं, निघालं...

"अडखळले जर पाउल माझे, हाक कुणी मज मागुन द्यावी!"

तिसरं कडवं! एकोणीस वर्षांनी! तेच, तेच हो, जागच्या जागी! सहाशे माना वर. शेजारच्या बाईंनी माझा दंड धरला, "शूऽऽऽ! अहो, मौन चाललंय! लाज नाही वाटत? शाळेची परंपरा आहे ती!"

मला सांगतायत! मला!

वर बिटकीनं माझ्याकडे असं पाहिलं, असं पाहिलं... आणि शेवटचं कडवं सुरू केलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. टाळ्या थांबेनात. मला तर काही दिसतच नव्हतं, डोळे भरलेले. मोठ्या बाई धावत आल्या, म्हटलं आता काढतात शाळेबाहेर. तर म्हणतात कशा, "अहो, ती ओळ कुठली? अंगावर काटा आला! मौनाच्या शेवटी पालकांमधून एक हाक... दर वर्षी ठेवू या ना हे! पुस्तिकेत घालते!"

मी त्यांना काय उत्तर दिलं, देव जाणे. मी धावले स्टेजच्या मागे, पोरीला पोटाशी धरलं, म्हटलं, "असू दे हं बाळा, होतं असं, मी आहे ना, आठवलं की नाही शेवटी? झालं तर मग..."

तर तिनं मला ढकललं, कंबरेवर हात ठेवले, आणि म्हणाली, "आई, मला येत होतं गं सगळं! तू मध्येच कशाला ओरडलीस? तुझं चौपन्न होतं, माझं शंभर होणार होतं... आठच राहिले होते!"