नियमाने चाललेली गाडी

(एका छोट्या स्टेशनात उभी असलेली पॅसेंजर. शेवटच्या डब्याच्या दाराशी तिघं: गार्ड, एक तरुण मुलगी आणि तिचे वडील.)

मुलगी: मला सरळ उत्तर द्या. हा संप आहे की नाही?

गार्ड: संप कुठे, ताई? संपाला बंदी आहे. आम्ही काम करतोय.

मुलगी: याला काम म्हणतात? प्रत्येक स्टेशनात उतरायचं, चाकं बघत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, मग पलीकडच्या बाजूने चाकं बघत परत यायचं. मागच्या स्टेशनात एक गोगलगाय तुमच्या पुढे निघून गेली.

गार्ड: गेली असेल. तिला नियमपुस्तक नाही. मला आहे. प्रत्येक थांब्यावर, प्रत्येक डब्याचे ब्रेक, दोन्ही बाजूंनी, स्वतःच्या डोळ्यांनी बघावेत. तसं लिहिलंय.

मुलगी: आणि रोज काय करता?

गार्ड: रोज सुटताना एकदा बघतो, मग थेट जंक्शनला. रोज हे असं केलं असतं ना, तर तुम्ही शाळेला म्हणून निघालेल्या अजून पोचला नसता.

वडील: 'प्रत्येक थांब्यावर' नाही. 'उतारापूर्वीच्या प्रत्येक थांब्यावर' असं आहे.

गार्ड: काका, इथून जंक्शनपर्यंत सगळा उतारच आहे.

वडील: ते मला माहीत आहे. म्हणून तर तुमची कृती बरोबर आहे. वाक्य चुकीचं सांगताय.

मुलगी: बाबा! तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?

वडील: मी वाक्याबद्दल बोलतोय.

गार्ड: काका खात्यात होते वाटतं.

मुलगी: खात्यात? अहो, तुमचं ते पुस्तक यांनीच लिहिलंय. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर पसरलेलं असायचं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो.

गार्ड: काय सांगता! साहेब, तुम्ही? मग जरा दर्शन घेऊ द्या. नोकरीला लागल्यापासून तुम्हाला शिव्या घालतोय, चेहरा आज दिसला.

वडील: मी समितीचा सचिव होतो. मसुदा माझा होता.

गार्ड: मग तुमच्यामुळेच उशीर होतोय म्हणा. ताई, तुम्ही उगाच माझ्याशी भांडताय. तुमचा भांडायचा माणूस घरचाच आहे.

मुलगी: मला भांडायची हौस नाही! उद्या सकाळी दहाला मला नोकरीवर हजर व्हायचंय. प्रयोगशाळेत. जंक्शनवरून रात्रभराचा प्रवास आहे, आणि तिकडे जाणारी आज एकच गाडी आहे. ती चुकली की संपलं. उद्या हजर झाले नाही तर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला घेणार आहेत. आणि तो त्याच गावात राहतो. सकाळी चहा पिऊन, चालत येऊन दारात उभा राहील.

गार्ड: मग रस्त्याने जायचं होतं. आमच्या 'नियमानुसार काम' आंदोलनाची बातमी कालपासून आहे.

मुलगी: टॅक्सी ठरवली होती मी! यांनी रद्द करायला लावली. म्हणे, गाडीसारखी खात्रीची गोष्ट नाही. म्हणे, नियमानुसार काम म्हणजे गाडी नियमाने येईल. आणि वर जंक्शनपर्यंत सोडायला आलेत.

वडील: तर्काने ते बरोबर होतं.

मुलगी: तर्काने! सहा वर्षं मी सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर दुसऱ्यांच्या काचेच्या नळ्या धुतल्यात, बाबा. सहा वर्षं. आणि आता ही नोकरी जाणार, तुमच्या तर्काने.

गार्ड: हे बघा, ड्रायव्हर ब्रेकच्या नळ्यांत हवा भरतोय. दाब पुरा झाला की मी खाली उतरणार. तोवर काय ते भांडून घ्या.

मुलगी: जंक्शनला फोन करा ना तुम्ही. ती गाडी थोडा वेळ थांबवून ठेवा म्हणावं.

गार्ड: केला मघाशीच. मी काही दगड नाही. त्यांनी विचारलं, पुढच्या गाडीचे प्रवासी किती? मी डबेडबे फिरून मोजले. सात निघाले. दहा असल्याशिवाय गाडी थांबवत नाहीत.

मुलगी: मग दहा सांगायचे!

गार्ड: एरवी दहाच सांगतो. दोन असले तरी दहा. एकदा एक आजी एकट्याच होत्या, तरी दहा सांगितले. आज नाही सांगता येत.

मुलगी: का नाही?

गार्ड: कारण आज वरचे लोक कान लावून बसलेत. एक आकडा खोटा निघाला की म्हणतील, बघा, नियम नियम करतात आणि स्वतः खोटं बोलतात. मग मी निलंबित आणि आंदोलन बाराच्या भावात.

मुलगी: दहाच का पण? बाबा, दहा का? कुठून आणला हा आकडा? काही हिशेब केला होता?

वडील: नाही.

मुलगी: म्हणजे?

वडील: कोणी आठ म्हणत होतं, कोणी पंधरा. बैठक लांबली होती. अध्यक्षांनी दोन्ही हात वर करून बोटं दाखवली. मी लिहून घेतलं.

मुलगी: बोटं! बघा. माझी नोकरी एका माणसाच्या बोटांनी जाणार.

गार्ड: अध्यक्षांचा एखादा अंगठा कमी असता तरी आपले नऊ झाले असते. सात तरीही कमीच.

वडील: तुमची मागणी काय आहे नेमकी?

गार्ड: आता विचारताय? आम्हाला गाडीवर ठेवा, एवढीच. पुढच्या महिन्यापासून गार्ड नाही. ड्रायव्हर एकटा. तुमच्याच पुस्तकाची नवी आवृत्ती आलीय, साहेब. त्यात 'गार्ड' हा शब्दच नाही.

वडील: मग ब्रेक कोण बघणार?

गार्ड: डब्यांना यंत्र बसवणार म्हणे. बसवतील तेव्हा बसवतील. माणूस मात्र आधीच काढणार.

वडील: मला कोणी विचारलं नाही.

गार्ड: तुम्हाला कोण विचारतंय? तुम्ही निवृत्त. आम्हालाही कोणी विचारलं नाही आणि आम्ही तर नोकरीत आहोत.

मुलगी: हे सगळं फार वाईट आहे, मला मान्य आहे. पण मी काय केलंय? ज्यांनी तुम्हाला काढलं ते आपापल्या मोटारीतून घरी गेले. गाडीत अडकलोय आम्ही.

गार्ड: ते खरंय.

मुलगी: मग निदान पुढचं सांगा. अजून किती स्टेशनं?

गार्ड: हे एक आणि पुढचं एक. दोन्हीकडे तपासणी केली तर तुमची गाडी गेलेली असेल. दोन्हीकडे नाही केली तर मिळेल.

मुलगी: मग नका करू!

गार्ड: मला कशाला सांगता? साहेब उभे आहेत ना. साहेब, तुम्ही लिहिलंय, तुम्हीच सांगा. नुसतं 'सोड' म्हणा, मी आत्ता शिट्टी मारतो. आंदोलनाचं काय व्हायचं ते होईल. बघू या तरी, लिहिणाऱ्याला स्वतःवर आलं की काय वाटतं ते.

वडील: नाही.

मुलगी: बाबा.

वडील: नाही म्हटलं ना. तपासणी करायची.

मुलगी: आयुष्यभर हेच! खात्यात असून कधी माझ्यासाठी एक खिडकीची जागा मागितली नाहीत. स्टेशनात ताटकळताना आईचे हाल होत होते, तरी तिला साहेबांच्या विश्रामगृहात बसवलं नाहीत, का, तर ती 'कर्तव्यावर' नव्हती. मी म्हणायचे, जाऊ दे, माणूस सरळ आहे. पण हे सरळ नाही, बाबा. तुम्हाला माझ्यापेक्षा पुस्तक जवळचं आहे.

वडील: ते वाक्य मी लिहिलं, त्याआधी एका अपघातानंतर मी उताराच्या तळाशी उभा होतो. शेवटच्या तीन डब्यांचे ब्रेक बंद होते. सुटताना गार्डाने ते बघितले होते, तेव्हा ठीक होते. मधल्या एका स्टेशनात हवेची नळी निसटली. त्यानंतर कोणी बघितलं नाही. त्या डब्यांत जी माणसं होती, त्यांनाही पुढची गाडी पकडायची होती. मी त्यांची नावं वाचली आहेत. तू या गाडीत आहेस. मी 'सोड' म्हणणार नाही.

मुलगी: हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही.

वडील: तू लहान होतीस, ताट मांडीवर घेऊन जेवायचीस. त्या वेळी काय सांगणार?

गार्ड: साहेब, दाब पुरा झाला. मी उतरतो.

वडील: थांबा. एका बाजूने जाता आणि दुसऱ्या बाजूने परत येता. दोन माणसं असली तर?

गार्ड: तर अर्ध्या वेळात होतं, ताईंची गाडीही मिळेल कदाचित. पूर्वी दोघं असायचो आम्ही. दुसऱ्याला आधीच काढला.

वडील: प्लॅटफॉर्मची बाजू मी बघतो. तुम्ही रुळाची बघा.

गार्ड: बाहेरचा माणूस नियमात बसतो?

वडील: बसत नाही. पण तपासणी पूर्ण होते. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा. मसुदा ज्याचा, त्याने मोडला म्हणावं.

मुलगी: तुम्ही कसले चालताय? गुडघ्यांनी जिना चढवत नाही. इंजिनापर्यंत पोचायला तुम्हाला रात्र होईल.

वडील: चालेन मी.

मुलगी: नको. मी जाते. काय बघायचं ते सांगा.

गार्ड: ताई, ही काही गंमत नाही.

मुलगी: मी सहा वर्षं सूक्ष्मदर्शकातून बघतेय. मला बघता येतं. बाबा, लवकर सांगा.

वडील: ड्रायव्हरने ब्रेक दाबून धरलाय. प्रत्येक चाकाला लोखंडाचा एक ठोकळा टेकलेला दिसला पाहिजे. प्लॅटफॉर्मच्या फटीतून वाकून बघायचं. चाक आणि ठोकळा यांच्यामध्ये उजेड दिसता कामा नये. उजेड दिसला की तिथेच थांबायचं आणि हात वर करायचा.

मुलगी: हात वर केला की?

वडील: तो डबा दुरुस्त होईपर्यंत गाडी हलणार नाही.

मुलगी: म्हणजे माझी गाडी गेलीच.

वडील: हो.

गार्ड: अजूनही सांगतो, मीच दोन्ही बाजू बघतो. तुमच्यावर ते ओझं नको.

मुलगी: बाबा, टेकल्यासारखा वाटला, पण खात्री नसली तर?

वडील: तर हात वर.

मुलगी: टॉर्च द्या.