नाल्यावरची हाक

सांगायचं नाही असं आकाराममामानं बजावलंय मला, पण काकू, तुम्ही खरंच घाबरलाय, हात गार पडलाय तुमचा. भूत नाही हो कुणी. सावकाश चला, चपलेचा अंगठा तुटलाय ना? मामा भुताच्या फेरीला आलेल्या सगळ्यांना घेऊन पुढं जाऊ दे. किती मुडदे सांगितले त्यानं, पंधरा? मागच्या रविवारी अकरा होते — थंडी वाढली की वाढतात. जयंती नाल्याचा इतिहास थोडा खरा हाय की, पण बुडालेली आई संध्याकाळी नदीजवळच्या वळणावर पोरीला हाक मारते, 'ये गंगेऽऽ' — ती आई म्हणजे आमच्या गल्लीतली धोंडुबाई आज्जी. जिवंत हाय. मशेरी लावते. आणि गंगी पोरगी नव्हे, म्हस!

हसू नका, मामा वळून बघेल. गंगी गेली गेल्या साली, दोन हजार पाचच्या पुरात. दावं आज्जीनंच कापलं — गोठ्यात छातीभर पाणी, बांधलेली बुडाली असती ना? आमच्याकडं म्हस हाकेला येते, दुसऱ्या गल्लीतनं पळत येते. आज्जीला वाटलं, पाणी उतरलं की हाक मारू. उतरलं. दिवाळीपर्यंत रोज मारली तिनं हाक. मामाला आयतं भूत मिळालं.

मग ती गेली मुरगूडला लेकीकडं. आता भूत कोण? मी! वर्गात हजेरीला आवाज फुटत नाही माझा, बाई गैरहजर लावतात, आणि मी गवतात बसून ओरडायचं! मामा म्हणाला, "भूत हाईस का मांजर?" पण जमलं हळूहळू. आणि मागच्या रविवारी — हे तर मुळीच सांगायचं नव्हतं — हाकेला कुणीतरी आलं. सयाजीदादा नदीत म्हशी धूत होता, त्यातली एक, डावं शिंग मोडलेली, चिखल तुडवत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. गंगीचं शिंग तसंच होतं. दादा म्हणाला, "पुरात व्हावत आलती आमच्या मळ्यात. चार गावं इचारली, धनी गावला न्हाय." मळा नदीपलीकडं, म्हशी आत्ताच अलीकडं आणल्यात त्यानं.

मी पळत मामाला सांगितलं. काय म्हणाला असेल? "गप बस! म्हस गावली की म्हातारी परत आल्यावर हाक मारायची न्हाय. मग लोकांस्नी काय दावू, गटार?" वाईट नाही हो तो. पण आज्जी काल परत आली. आज वळणावर तीच बसलीय, म्हणून तर मी इथं तुमच्याबरोबर. तिला सांगायला गेलते, दारातनंच परत आले — उगाच आशा लावायची आणि दुसऱ्याच कुणाची म्हस निघाली तर? म्हणून मी एवढंच केलं, सकाळी सयाजीदादाला म्हटलं, आज म्हशी वळणापाशी धू. मामाला? छे, त्याला कशाला सांगू!

थांबा — ऐकलंत? तीच. बघा, म्हशींतल्या एकीनं मान वर केली — डावं शिंग मोडलंय का हो तिचं? मला लांबचं दिसत नाही. मोडलंय? पळाली! अगं बाई, मामाच्या घोळक्यामधनंच गेली की, फुटले सगळे बाजूला! आज्जी रडतेय का हसतेय? मला हाक मारतेय, काकू, 'श्रुते' म्हणतेय — ओऽऽ! आलेऽऽ आज्जी! — तुम्ही या सावकाश, आणि मामानं विचारलं तर म्हणा, ही पोरगी वाटभर एक शब्दसुद्धा बोलली नाही!