सुनेनं काय घेतलं?

आमगावच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे चाळिशीतली एक बाई होती. तिची विशीतली सून नर्सला भेटून पाणी प्यायला गेली, तशी ही नर्सच्या दाराशी.

"सिस्टर, माझ्या सुनेले काय देलं?"

"ते सांगता येत नाही, फुलवंताबाई."

"मी सासू आहो तिची!"

"म्हणूनच."

"पोर न होयाच्या गोळ्या तं नाई देल्या? मी नातवाची वाट पाहून राहिली."

"तिलाच विचारा."

"ती सांगते तं तुमाले कायले विचारलं असतं? तिच्या नवऱ्याले तरी सांगान?"

"कोणालाच नाही. इथलं इथंच राहतं."

"मी काई मागतलं, तं तेबी?"

"तेही."

"मंग दार लावा, सिस्टर. मले तांबी बसवाची आहे. घरात सून आली, पण आमचा बुढा काई आयकून नाई राहिला!"