आठ कंप्युटर अन् माझा एक अंगठा

...नाही जी, तुम्ही बसा, मीच उठू शकत नाही! नमस्काराले दोन हात लागते, म्हणून नुसती मान हालवतो, राम राम. तुमाले सांगतो, पंचवीस वर्षं झाली वणीत इलेक्ट्रिकचं दुकान टाकून, शाळा आठवीतच सुटली, वायरिंग पाहून पाहून शिकलो, पण या अंगठ्याले असं काम कोणी दिलं नव्हतं. हा प्लग दिसते ना? सकाळी डिस्क लावताना धक्का लागला अन् ढिला झाला, तवापासून दाबून बसलो. सुटला की आठही कंप्युटर बंद! दुसऱ्याले धर म्हणावं, तर हात बदलतानाच पडन. अन् पोरगी तिकडून, मान वर न करता... “बाबा, अंगठा!”

पोरगी म्हणजे आमची निशिगंधा, पीएचडी करून राह्यली. वणीपासून मारेगावपर्यंतच्या एक लाख जागा घेतल्या. एका जागी खाणीनं पाणी उपसलं, तर बाकीच्या ठिकाणी जमिनीतलं पाणी किती खाली जाते, असा तक्ता. लाख ओळी, लाख रकाने! मी म्हटलं, “बाई, कोणत्या भिंतीले लावशीन?” एका कंप्युटरच्या डोक्यात मावत नाही, म्हणून आठांनी तुकडे वाटून घेतले, माझ्याच गोदामात, नऊ दिवस नुसती घरघर. आज गणित संपलं. आता फक्त डिस्कवर उतरवायचं. फक्त! अहो, गणित कराले आठ जण, अन् लिहाले डिस्क एक. आठ पंगती संगंच उठल्या अन् हात धुवाले नळ एकच, तशी गत! दोन तास लागते म्हणे. तोवर नऊ दिवसांचं सगळं त्यांच्या डोक्यात, अन् डोकं या प्लगवर. परवा तिच्या सरांले द्यायचं आहे, पुन्हा नऊ दिवस कुठून आणन ते?

तुम्ही म्हणसान, रोज थोडं थोडं काहून नाही उतरवलं? तेच करणार होती बिचारी! “बाबा, रोज दोन तास गणित थांबवून लिहून ठेवतो.” तवा कोण शहाणा बोलला, “कायले? पोतं भरल्यावरच तोंड शिवावं!” मीच! अन् गिऱ्हाइकानं वापस केलेला हा बोर्ड, गोदामात चालून जाते म्हणून कोणं ठोकला? मीच!

उतरवणं चाळीस टक्क्यांवर आलं अन् नाक खाजलं. “बाबा, अंगठा!” आहे वो माय, आहे!

तेवढ्यात हे नानाजी आले, हे काय, पोत्यावर बसले ते. हातात बोर्ड. “मारोतराव, बदलून द्या, प्लग थांबतच नाही याच्यात.” पंचवीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, “प्लगच बारीक असन तुमचा, आपल्या बोर्डात खोट नसते!” नानाजीनं माझ्या अंगठ्याकडं पाह्यलं. बोर्डाकडं पाह्यलं. पुन्हा अंगठ्याकडं. “घाई नाही,” म्हणे, “तुम्ही मोकळे व्हा.”

मोकळे!

हे पाहा, आता झाले शंभर टक्के, अंगठा पार पांढराफटक, सोडणार तेवढ्यात... “बाबा, अंगठा! बरोबर उतरलं का, ते वाचून पाहा लागन. अजून दोन तास.”

नानाजी उठले, आपला बोर्ड पिशवीत घातला. “बोर्ड राहू द्या, मारोतराव. मले असा एक अंगठाच द्या, घरी लावतो.”

दिला असता जी. पण स्टॉकात एकच आहे, अन् तो लागलेला आहे.