एकच उमेदवार

पुतळा : जल्लं मेलं, या खुर्चीचा एक पाय आखूड हाय. बसलं का आपल्यालाच पालन्यान घालून हालवते.

नदीम : मग दुसरी घ्या ना, मावशी. एवढ्या रिकाम्या पडल्यात.

पुतळा : तेच बोलते मी. एवड्या खुर्च्या भाड्यानं आनल्यास, त्या कुनासाठी?

(पावणे गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीतली नदीमची शेड. इथे पाण्याच्या पंपाचे भाग बनतात. आज मशीन बंद, जमीन धुतलेली, दारावर रंगीत पताका. रोज दुपारी भाकरीचं टोपलं घेऊन येणारी पुतळा आज सकाळीच आली आहे. मागे लेक, रंजिता. खरं तर पुतळाला बसायचं नव्हतं. पण उभं राहणं त्याहून अवघड वाटलं, म्हणून बसली.)

नदीम : कुणासाठी म्हणजे? तुमच्या गावातल्या पोरांसाठी! दहावी-बारावी झालेल्या. आम्हा कारखानदारांच्या असोसिएशननं ठरवलं, प्रत्येक शेडनं आजूबाजूच्या पोरांना बोलवायचं, मशीन दाखवायचं, समजवायचं. दहाची वेळ दिली होती. सामोसे गार झाले. व्हीसीआर भाड्यानं आणलाय, जर्मनीतले कारखाने दाखवायला.

पुतळा : जर्मनीतले कारखाने बगून आमची पोरं काय करतील? त्यांना हितले कुनी दाखवलं नाय.

रंजिता : सर, कोणी येणार नाही.

पुतळा : सर! कालपत्तर नदीमशेट होता.

रंजिता : आये, आज तू गप बस ना जरा.

नदीम : पण का नाही येणार? तीन दिवस रिक्षा फिरवलीय गावात, भोंगा लावून. गल्लीगल्लीत.

पुतळा : तिथंच खाल्लीस माती. आमच्या गावान भोंग्याची रिक्षा कवा येते, ठावं हाय का तुला? सरकारला वाढीव खोल्या तोडाच्या असल्या का. पयली रिक्षा, मंग जेशीबी.

नदीम : अरे, पण मी तर नोकरीचं बोललो!

पुतळा : काय बोललास? सांग तूच.

नदीम : ‘गावातील सर्व कुटुंबांना कळविण्यात येते की शनिवारी सकाळी ठीक दहा वाजता हजर राहावे. संधी गमावल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही.’

रंजिता : ऐका, कसं वाटतं ते.

नदीम : तौबा.

पुतळा : सगले बोलले, हा डाव हाय. घरं रिकामी कराला लावतील, नि मागून घुसतील. आज सगला गाव उंबऱ्यावर बसलाय. गोटीराम तर नव्या खोलीच्या दारान खाट टाकून झोपलाय. बोलतो, पयला मला उचला, मंग खोली तोडा.

नदीम : हसू नका मावशी. माझं इथं टेन्शननं डोकं फुटतंय. दोन माणसं सोडून गेली. पंपाची ऑर्डर पडून आहे. आता मी परत रिक्षा पाठवून सांगू का, की बाबांनो घरं तोडत नाही?

पुतळा : नको नको! मंग तर खात्रीच पटंल त्यांची.

रंजिता : सर, मी आलेय ना.

नदीम : हो, तू... तू आलीस. छान केलंस. सामोसा घे.

रंजिता : घेतला. माझं काय ते सांगा.

नदीम : तुझं म्हणजे?

रंजिता : मला लेथ मशीन शिकायचंय.

नदीम : लेथ? अगं, ऑफिसात बस की. फोन घे, चलन लिही. पुढं-मागं कॉम्प्युटर येईलच.

रंजिता : रिक्षात शेवटी ‘लेथ शिकवू’ म्हणाला होतात. ऑफिस नाही म्हणाला.

पुतळा : बग, भोंगा एकीनंच ऐकला, पन पुरा ऐकला.

नदीम : रंजिता, ते मशीन चेष्टा नाही. ओढणी, वेणी, बांगड्या, काही सापडलं तर माणूस आत खेचला जातो.

रंजिता : दादाचा शर्ट-पँट घालीन. वेणी वर बांधून टोपी घालीन. बांगड्या आत्ता काढू?

पुतळा : बांगड्यांना हात लावशील तर बग! नि दादाची पँट घालून गावातून चाललीस, का पारावरचे म्हातारे आठवडाभर दुसरा विषय काडनार नाय.

रंजिता : म्हाताऱ्यांना तेवढंच काम.

नदीम : आणि बायकांसाठी संडास नाही गं इथं. मी काय करू?

पुतळा : बाजूला त्या औषदाच्या गोल्या भरतात ना, त्या कंपनीन बाया हायत. जायल तिकडं. विमलबाई हाय तिथं, माझी वलखीची.

नदीम : मावशी, तुम्ही हिच्या बाजूनं आहात की माझ्या?

पुतळा : मी कुनाच्याच बाजूनं नाय. मी हिला बोलले, वाशीला पार्लरचा कोर्स कर. सावलीतलं काम. चार बाया मान देतील.

रंजिता : मला दुसऱ्यांच्या भुवया नाय कोरायच्या, आये. सर, लहानपणापासून टोपलं धरायला मी हिच्यासोबत येते. दारातून बघते. तुमच्याकडं तो गंजका, खडबडीत दांडा आत जातो. मशीन त्याला फिरवतं, कुरळ्या कुरळ्या तारा पडतात. आणि बाहेर येतो तेव्हा त्यात आपलं तोंड दिसतं. मला ते आपल्या हातानं करायचंय. बस.

नदीम : हं.

रंजिता : ‘हं’ म्हणजे हो का?

नदीम : मी एवढं मोठं भाषण पाठ केलं होतं. त्यात हे नव्हतं.

रंजिता : मग भाषण करा ना. ऐकायला मी आहे.

नदीम : एकटीसाठी?

पुतळा : कर रं. माजी पन करमनूक.

नदीम : बरं. ‘विद्यार्थी मित्रांनो’... मैत्रिणींनो. मैत्रिणी. ‘आपल्या दाराशी उद्योग उभा आहे आणि आपण मात्र दूर दूर नोकऱ्या शोधतो. हाताला काळं लागतं म्हणून लाजू नका. हातात कसब असेल तर माणूस कुठंही उपाशी मरत नाही. माझे वडील उरणला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांच्या नखांतलं ग्रीस ईदलासुद्धा निघायचं नाही.’ हे माझं मी घातलंय, असोसिएशनचं नाही.

पुतळा : हे बरं हाय. पुढं?

नदीम : ‘बाहेरून माणसं येतात, शिकतात, मोठी होतात. तुम्ही का मागे राहावं? मित्रांनो, या भूमीचे खरे...’

रंजिता : खरे काय?

नदीम : विसरलो.

रंजिता : कागद आहे ना हातात.

नदीम : अक्षर नीट नाही. राहू दे. चहा घेणार का कुणी?

रंजिता : सर, एक विचारू? माझा दिपेशदादा काम मागायला आला होता तुमच्याकडं. त्याला का नाही घेतलंत?

पुतळा : रंजे! ते जुनं झालं. तो आथा उरनला कंटेनर यार्डान हाय. पगार बरा हाय.

नदीम : जागा नव्हती तेव्हा.

रंजिता : त्याच्यानंतर किसन आला. मारोती आला. दोघं लातूरकडचे.

नदीम : गावातली पोरं टिकत नाहीत गं. खरं सांगतो. आज याची हळद, उद्या त्याची हळद, परवा जत्रा. मशीन कुणी चालवायचं?

पुतळा : नि तुजी मानसं गावाला गेली का दोन म्हयनं तोंड दाखवत नाय, तवा मशीन कोन चालवतं? हलदीला गेलेला पोऱ्या दुसऱ्या दिवशी येतो तरी. डोलं लाल असतील, पन येतो.

नदीम : ते पण खरं.

रंजिता : म्हणजे हळदीचं कारण नाही.

नदीम : दिपेश चांगला मुलगा. काही वाईट नव्हतं त्याच्यात. फक्त त्या दिवशी तो इथं आला, इकडं-तिकडं बघितलं, आणि एक गोष्ट बोलून गेला. हसत हसत. सहज.

रंजिता : काय बोलला?

नदीम : जाऊ दे ना.

रंजिता : आये, तुला माहितीये?

पुतळा : मला काय माहीत? मी भाकरी विकाला येते.

रंजिता : मग रोज टोपलं दारातच का ठेवतेस? आत कधी पाऊल टाकत नाय.

नदीम : हां, हे मी पण किती वेळा म्हटलं. मावशी, आत या, पंख्याखाली बसा. कधी नाही आल्या.

पुतळा : आत काय हाय बगाला? त्याल नि लोखंड.

रंजिता : आणि आज आलीस ती भिंतीच्या कडेकडेनं आलीस. सरळ मधून नाय आलीस.

पुतळा : जमीन वली होती.

रंजिता : इकडं ओली नव्हती.

नदीम : रंजिता, ऐक. मी तुला नाही म्हणत नाहीये. तू शिकशील, मला दिसतंय. पण कारखान्यात काम बिघडलं की मालक ओरडतो. मी किसनवर ओरडतो, सगळ्यांवर ओरडतो. शिव्या पण देतो, तौबा करून. तू चुकलीस तर तुझ्यावर माझं तोंडच उघडणार नाही. दिपेशवर पण उघडलं नसतं. आणि ज्याच्यावर ओरडता येत नाही त्याला काम शिकवता येत नाही. बस, एवढंच आहे.

रंजिता : पण का नाही उघडणार? किसनवर उघडतं, मग माझ्यावर काय झालं?

नदीम : मावशी, तुम्ही सांगा हिला.

पुतळा : तुजं तू सांग. शेट तू हायस.

नदीम : कसं सांगू? तुम्ही इतकी वर्षं रोज समोर येता, कधी एका शब्दानं बोलला नाहीत. मग मी कुठल्या तोंडानं बोलू?

रंजिता : मी जाते. तुम्ही दोघं बसा एकमेकांची तोंडं बघत. मी पार्लरमधे भुवया कोरते.

पुतळा : थांब.

रंजिता : कशाला थांबू? तुला पण मी इथं नकोच आहे.

पुतळा : थांब बोलले ना. नदीमशेट, इकडं बग. खाली नको बगू. दिपेश बोलला असल, हितं आमचा बांध होता.

नदीम : हो.

पुतळा : हे आमचं शेत होतं. लगीन होऊन या गावान आयले, ती पयली लावनी मी हितं केली, तू बसलायस ना, तिथं. तू काय आमच्याकडनं घेतलं नाय, सरकारनं घेतलं; तू पैसं मोजून पलाट घेतलास. म्हनून बोलले नाय. नि आपल्याच शेतान येऊन काम मागाची, त्याची लाज वाटाची, म्हनून पन बोलले नाय. झालं. बोलून झालं. आथा सोमवारपासून हिला काम सांग, नि चुकली तर वरड.