दाराबाहेरची खुर्ची

—अगं, दचकतेस काय? बस, बस. मी बोलले म्हणून दचकलीस? हल्ली येणारं प्रत्येक माणूस असंच करतं बाई — दार उघडलं की ओळखीचं हसतात, कुठेतरी भेटल्यासारखे बघतात, आणि मी 'या' म्हटलं की एकदम दोन पावलं मागे. परवा तो पुस्तकाच्या दुकानाचा माणूस आला होता, त्याच्या तर हातातली पिशवीच पडली. माझा आवाज काय एवढा वाईट आहे? बसका आहे, कबूल. पण तो आपोआप बसलेला नाही, बसवलाय. तूही जरा हळूच बोल. ते समोरचं बंद दार दिसतंय ना, त्याच्या आत ती लिहितेय. माझी लेक. जिला भेटायला आलीस ना, तीच. येईल गं बाहेर. तू चहा घे तोवर. कधी म्हणजे? येईल. साखर किती?

तूही लिहितेस? वाटलंच मला, चेहरा परीक्षेला आल्यासारखा आहे. आणि काय विचारणार होतीस तिला? — यश कशानं मिळतं. हं. सगळे तेच विचारतात. तिनं भाषणात सांगितलं ना, रोज लिहा, खूप वाचा, माणसं बघा, टाळ्या पडल्या, मी पुढेच बसले होते. खोटं नाही सांगितलं हं तिनं. पण चांगलं लिहिणारी माणसं काय थोडी असतात? या एका घरात दोन होती! — फोन वाजतोय का तुझा? थरथरतोय बघ. आई आहे? मग घे की. नको? बरं बाई.

तर दुसरे आमचे जावई. आता ते वेगळ्या गावी असतात, मुलं शिकवतात, ते जाऊ दे. तिच्याहून चांगलं लिहायचे ते. मी नाही म्हणत, मला कुठे अक्षर कळतं — तीच म्हणायची. लग्न नवं होतं तेव्हा म्हणायची, आई, यांचं एक पान वाचलं की माझं फाडून टाकावंसं वाटतं. पण माणूस कसा, तर बेल वाजली की हेच धावणार. मित्र आला, त्याला बसवला, चहा मांडला, आणि त्या दिवशी जी गोष्ट लिहायची ती अख्खी त्याला सांगून मोकळे. काय सांगायचे म्हणून सांगू! मी ओट्यापाशी भांडं हातात तसंच धरून उभी राहायची. मित्र वा वा करत जिना उतरला की हे टेबलाशी बसायचे आणि कोऱ्या कागदाकडे बघत राहायचे. सांगून झाल्यावर उरतंय काय? पोरगं रडलं, हेच उठणार. नळ गळतोय, हेच वाकून बघणार. भला माणूस गं. त्या भल्या माणसाची कादंबरी काही पुरी झाली नाही.

आणि ही? टिल्लू रडला तरी ही उठायची नाही. टिल्लू म्हणजे माझा नातू — आता दारात वाकून यावं लागतं त्याला, पण आमचा टिल्लूच. ही दगड होती असं समजू नकोस हं. तिला ऐकू जायचं. मला बाहेर कळायचं, खुर्ची करकरायची तिची. उठावंसं वाटायचं, पण उठायची नाही. मग जावई एकटे किती वेळा उठणार? म्हणून तर मला बोलावून घेतलं. म्हणाली, आई, ये माझ्याकडे राहायला. मी तेव्हा मोठ्या लाँड्रीत होते, हॉस्पिटलच्या चादरी यायच्या आमच्याकडे. दोघींनी एक चादर धरायची, ताणायची, मग चालत एकमेकींच्या जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे. मी घड्या घालता घालता गोष्टी सांगायची. यंत्रांचा एवढा घरघराट — त्याच्यावर आवाज चढवायचा! पलीकडच्या रांगेतून बायका ओरडायच्या, अगं, पुढे काय झालं त्या सासूचं, इकडे ऐकू नाही आलं! मुकादम म्हणायचा, ही बाई नसती तर दुप्पट काम झालं असतं. कसलं दुप्पट! मी नसते तर निम्म्या जणी पळून गेल्या असत्या. ते सगळं सोडून आले. वाटलं, लेकीजवळ बसू, दोन शब्द बोलू. आले त्याच दिवशी तिनं ही खुर्ची इथे आणून ठेवली. दाराबाहेर. म्हणाली, आई, मी आत असताना कुणाला सोडू नकोस. आणि वळून म्हणाली — तू जरा हळू बोलत जा.

झाले हळू. बेलची तार मी काढून ठेवते, म्हणून तर तुला दार वाजवावं लागलं. मिक्सर ती बाहेर आल्याशिवाय नाही. घड्याळ आत होतं, टिकटिक नको म्हणून ते बाहेर आलं, आता ते माझ्याशी टिकटिकतं. ताट या स्टुलावर ठेवायचं, दारावर नखानं एकदा खरवडायचं, बस. दुपार असते गं मोठी. सगळं आवरून होतं, खालच्या रस्त्यावरची माणसंसुद्धा घरात जातात. मग मी बसल्या बसल्या मनातल्या मनात एक चादर धरते. पण दुसरं टोक धरायला कोण?

अगं, उठू नकोस. खरं सांगू का तुला — मला सगळ्यांना दारातूनच परत पाठवायला सांगितलंय. तुलाही पाठवायचं होतं. ती नाही येणार बाहेर आत्ता. संध्याकाळपर्यंत नाही, आणि आली तरी डोळे आतच ठेवून येते, मीठ दे म्हटलं तर पाणी देते. पण चहा तर संपव. एवढ्या लांबून आलीस, तुला उत्तर नको का? मी देते की.

टिल्लू लहान होता, जावई कामावर गेलेले, हा बाथरूममध्ये घसरला, हनुवटी फुटली. हे एवढं रक्त. किंचाळणार, तेवढ्यात मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. बघ हं काय केलं मी — पोराचं रक्त गळतंय आणि मी त्याचं तोंड दाबतेय, आवाज आत जाऊ नये म्हणून! टॉवेलात गुंडाळला, उचलला, धावले. पायात काही नाही. रस्ता तापलेला. डॉक्टरनं टाके घातले, परत आलो, त्याला भरवलं, झोपवलं, फरशी पुसली. संध्याकाळी ती बाहेर आली, म्हणाली, ह्याला काय झालं? त्याच वर्षी तिचं पहिलं पुस्तक पुरं झालं.

वाचलंयस ना ते? बघ, डोळे भरलेच तुझे. सगळ्यांना तेवढी पानं आवडतात, आई पोराला टॉवेलात घेऊन अनवाणी धावते ती. आई. टिल्लू मोठा झाल्यावर वाचून आला, माझ्याजवळ बसला, हनुवटी चोळत म्हणाला, आजी, पुस्तकात आईच धावली गं. मी म्हटलं, अरे, पुस्तक आहे ते. राग नाही आला मला. आवाज कुठला आणि राग कुठला, इथे काय मोठ्यानं होतं? फक्त वाटलं, मग त्या वेळी मी कुठे होते?

पुन्हा आईचाच फोन? उलटा ठेवलास मांडीवर. हं.

पण नव्या पुस्तकात आहे म्हणे मी! टिल्लूनंच सांगितलं. तो परगावी असतो, बरी आहेस ना, ठेवतो, एवढाच फोन. पण त्या दिवशी म्हणाला, आजी, या वेळी तू आहेस. म्हटलं, काय करते रे मी त्यात? तर म्हणतो, जेवलीस का? मी विचारते काय आणि हा विचारतो काय! लेकीला कशी विचारू? तिला वाटेल, या वयात म्हातारीला हौस आली. किती दिवस झाले, येईल त्याला विचारीन म्हणते, पण सगळे दचकून पळतात. तुझ्या पिशवीत आहे ना ते? सही घ्यायला आणलंस, मघाशीच दिसलं मला. काढ. मी आहे तेवढंच वाच. नुसती पानं काय उलटतेस, सापडलं का? मग वाच की. हळूच.

'दाराबाहेर आई खुर्चीवर बसलेली असे.' — अगबाई, मीच! हीच ती खुर्ची, हिचा हात मोडलेला आहे बघ. पुढे? 'तिच्या हातांना साबणाचा वास येई.' तोही घेतला तिनं. लाँड्रीतला गं तो, तेव्हा माझ्या हातावर डोकं ठेवून झोपायची ना. एवढं लक्षात आहे तिच्या. बघ, आता नाही येत वास. हं, वाच. थांबलीस का? अगं वाच, मी काय लहान आहे?

पुन्हा वाच ते.

'आई जन्मापासून मुकी होती.'

मुकी.

म्हणून दचकता होय तुम्ही सगळे.

नको, पुढचं नको. मीट ते. अगं, तू कशाला रडतेस, तू थोडंच लिहिलंयस? चांगलंच लिहिलंय तिनं. मुकी बाई दाराशी बसलीय म्हटल्यावर कुणीही ते पान दोनदा वाचेल. बडबडी बाई बसलीय, तर त्यात लिहायचं काय? जावयांना हे जमलं नसतं. त्यांनी मला बोलू दिलं असतं पुस्तकात, आणि मग कसलं पुरं होतंय ते — मीच संपले नसते. हिला जमतं. तू विचारलंस ना कशानं, तर हे. नुसतं चांगलं लिहिणं नव्हे. आता तुला जमेल का ते तुझं तू बघ.

ऐकलंस? हाक मारतेय. 'आई, कोण आहे गं बाहेर?' माझा आवाज चढला वाटतं मघाशी. तू नको उत्तर देऊस. पुन्हा मारली. आजवर पहिल्या हाकेला ओ दिलीय मी, खरकट्या हातानं उठून. करकरली बघ आत तिची खुर्ची. करकरू दे.

आणि तुझा तो फोन. नको, बंद नको करूस. उचल. जिन्यात कशाला जातेस, इथेच बस, इथेच उचल. आणि चांगलं मोठ्यानं बोल तुझ्या आईशी. मी काही बोलत नाही.